सरहद्दीपलीकडची वनश्री

वनस्पति-उद्यानांत झाड जिवंत भेटतें. तें रानांत कोठें वाढत होतें याची साक्ष मात्र संग्रहांतील वाळविलेली, गांव व तारीख लिहिलेली फांदी देते. थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं असल्यामुळें बालाघाटावरील झाडेंझुडपें त्याच्या कक्षेबाहेर राहिलीं. पुढें १९७९ सालीं व्ही. एन. नाईक यांनीं या जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८२ सालीं लातूर निराळा जिल्हा झाला. २०२३ सालीं उस्मानाबाद हें नांवही बदललें. म्हणून नमुना जमविणाऱ्यानें जिल्ह्याबरोबर गांवही लिहावें. झाड तोडलें गेल्यावर, श्रोतेहो, तेवढाच पुरावा उरतो.