‘८०८’ डॉक्युमेंटरी: वरातीतला ‘धम्म’ नेमका आला कुठून?

जळगाव-धुळ्याकडची वरात असो की श्रावणातली कानबाईची मिरवणूक, डीजेची गाडी जवळ आली की गाण्याआधी छातीत ‘धम्म’ जाणवतो. हा आवाज बऱ्याचदा कुठल्याच ढोलाचा नसतो, तो मशीनचा असतो. या आवाजामागची गोष्ट समजून घ्यायची असेल तर अलेक्झांडर डन यांची ‘८०८’ (२०१५) ही डॉक्युमेंटरी बघा.

८०८ म्हणजे काय?

रोलँड या जपानी कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं. त्यात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग नाही. सर्किटला विजेचा छोटा झटका मिळतो आणि घंटेला टोला दिल्यावर ती जशी घुमत राहते, तसं ते सर्किट थोडा वेळ घुमतं. साधारण ५० हर्ट्झचं हे घुमणं म्हणजेच ‘किक’. समोर १६ बटणं. कुठल्या ठोक्याला काय वाजवायचं, ते त्यावर ठरवायचं. मोबाइलच्या बीट ॲपमध्ये दिसणारे १६ चौकोन याच पद्धतीचे.

फ्लॉप मशीन हिट कसं झालं?

आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून हे मशीन फारसं चाललं नाही. सुमारे १२,००० नग बनले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. जुनी मशीन स्वस्तात मिळू लागली, तशी ती कमी पैशात गाणी करणाऱ्या पोरांच्या हाती गेली. त्याआधीच, १९८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘प्लॅनेट रॉक’ने हिपहॉपला हा ठोका दिला होता. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी फिल्ममध्ये सांगतात, की त्या खास आवाजामागे सदोष ट्रान्झिस्टर होते. ते मिळेनासे झाले आणि मशीन बंद पडलं.

त्याच वर्षी मुंबईत

फिल्म मुख्यतः अमेरिका-ब्रिटनमध्ये फिरते. पण १९८२ मध्येच, हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी मुंबईत ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन डिस्को बीटवर दहा राग वाजवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ ग्रुपने त्याच ३०३ वर ‘अ‍ॅसिड हाऊस’ जगापुढे आणलं. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. म्हणजे तब्बल २८ वर्षांनी! २०१५ मध्ये ते वारले.

आपण काय करायचं?

आज अहिराणी गाणी घरच्या खोलीत, लॅपटॉपवर तयार होतात. पण गाणं व्हायरल झालं की दहा चॅनलवर परत अपलोड होतं आणि म्युझिक कोणी केलं, याचा पत्ताच लागत नाही. सिंग यांचं नाव रेकॉर्डवर छापलेलं होतं, म्हणून शोधणारे त्यांच्यापर्यंत पोचले. तुम्ही गाणी करत असाल तर एवढं कराच:

- डिस्क्रिप्शनमध्ये गायक, गीतकार, म्युझिक करणारा, गाव आणि तारीख लिहा.
- एमपी३ वर थांबू नका. वेव्ह आणि प्रोजेक्ट फाइल दोन ठिकाणी ठेवा.

आणि हो, फिल्म बघताना हेडफोन लावा. मोबाइलचा बारका स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवू शकत नाही, म्हणजे ज्याची गोष्ट आहे तोच आवाज ऐकायचा राहून जाईल.