शिधा, रेशन आणि कंट्रोल

मुंबईतल्या दुकानाच्या पाटीवर ‘अधिकृत शिधावाटप दुकान’ असतं, खेड्यातल्या पाटीवर ‘रास्त भाव धान्य दुकान’. ही नावं पाटीवरच राहतात. शहरातला माणूस ‘रेशन आलं का’ विचारतो आणि गावाकडची जुनी माणसं अजूनही ‘कंट्रोलचे गहू’ म्हणतात. एका दुकानाला चार नावं, आणि त्यांतलं प्रत्येक वेगळ्या घरातून आलेलं.

‘रास्त’ फारसी आहे; अर्थ सरळ, खरा. ‘रेशन’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, पण त्याचं मूळ लॅटिन ‘राशिओ’ म्हणजे हिशेब, प्रमाण. बुद्धी आणि कारण या अर्थाचा इंग्रजी ‘रीझन’ही त्याच कुळातला. ‘कंट्रोल’ तर थेट चोपडीतूनच उठून आलाय. मूळ शब्दाचा अर्थ होता पडताळणीसाठी ठेवलेली दुसरी नोंदवही, पहिलीत कुणी गडबड केली तर पकडता यावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं आणि हे दोन्ही शब्द मराठी तोंडात कायमचे बसले. दोन्ही कोरडे, मोजूनमापून बोलणारे.

‘शिधा’ मात्र स्वयंपाकघरातला. मराठीत तो ‘सिद्ध’शी जोडतात. गंमत अशी, की सिद्धान्न म्हणजे शिजवलेलं अन्न आणि शिधा म्हणजे न शिजवलेलं. ही अडचण ओळखूनच की काय, हिंदीतले कोशकार त्यांच्या ‘सीधा’चं मूळ ‘असिद्ध’ असं देतात. व्युत्पत्ती काहीही असो, शिधा द्यायचा कुणाला हे मराठी घराला पक्कं ठाऊक होतं: भटजींना, गोसाव्याला, वारीच्या वाटेवरच्या दिंडीला. सुपात तांदूळ, डाळ, पीठ, गूळ, वर मिठाचा खडा. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याचा आशीर्वाद. मात्र यंदा शिधा का दिला नाही, असं यजमानाला विचारण्याची सोय त्या व्यवहारात नव्हती.

म्हणून 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ आणला, तेव्हा मला त्या नावाचीच धास्ती वाटली होती. योजना चांगली होती. 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकांवर ती पिशवी गेली आणि पुढच्या सणांनाही आली. भाव पाहता घरच्या बाईला त्या तेलाचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण नाव दानाचं होतं आणि झालंही दानासारखंच. 2025 च्या गौरी-गणपतीला पिशवी आली नाही, दिवाळीलाही नाही. तिजोरीवर भार आहे, एवढं कारण कानावर आलं. यजमानाची ऐपत राहिली नाही, विषय संपला.

अशा वेळी सरकारी मराठीला ‘बंद’ म्हणवत नाही. ती ‘सुसूत्रीकरण’ म्हणते. हा ‘रॅशनलायझेशन’चा तर्जुमा, आणि त्याचं मूळही तेच, ‘राशिओ’. म्हणजे मोजून द्यायला निघालेला शब्द आणि कापायला निघालेला शब्द सख्खे भाऊ. लोकांची मराठी अशी आडवळणं घेत नाही. ती ‘पोटावर पाय आणला’ म्हणते.

दुसऱ्या उदाहरणाबद्दल कमी बोललं जातं. मराठवाड्याचे 8, अमरावती विभागाचे 5 आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी 5 किलो धान्य मिळायचं, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. 2022 मध्ये ते थांबलं. जानेवारी 2023 पासून त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये ठरले, पुढे 170. भागाकार करा: किलोला 34 रुपये. गावच्या दुकानात त्या पैशात काय येतं हे दुकानदार सांगेल, आणि पुढच्या वर्षी तो वेगळं सांगेल. भाव वाढला म्हणून किलोभर धान्याचं पाऊण किलो होत नसतं, रुपयाचा मात्र पाऊण रुपया होतो.

या दोन्ही कपातींत एक साम्य आहे. दोन्ही गोष्टी 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याबाहेरच्या होत्या. त्या कायद्यातलं माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाचं 35 किलो कुणा मंत्र्याला एका निर्णयाने गुंडाळता येत नाही. धान्य दिलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागेल, असं कायदाच म्हणतो. (‘भत्ता’ आणि ‘भात’ एकाच घरचे: दोन्ही ‘भक्त’पासून, म्हणजे वाटणीत आलेला भाग. या चर्चेतला मला सगळ्यात आवडणारा शब्द.) ज्याला आपण ‘लाभार्थी’ म्हणतो, लाभाची इच्छा धरणारा, त्याला कायद्याच्या दारात ‘हक्कदार’ म्हणावं लागतं. आणि ‘हक्क’चा अरबीतला पहिला अर्थ आहे सत्य.

1972 च्या दुष्काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या बायका शिधा मागत नव्हत्या. त्यांचा सवाल भावाचा आणि मापाचा होता. आज ‘आनंदाचा शिधा परत सुरू करा’ अशी मागणी होते, तेव्हा ती मला म्हणूनच अपुरी वाटते. कायदा तांदूळ, गहू आणि भरड धान्यापाशी थांबतो. डाळ आणि तेल त्यात नाही. त्या 14 जिल्ह्यांतलं केशरी कार्डही नाही. सणाची पिशवी परत मागण्यापेक्षा डाळ-तेलाची नोंद कायद्यात करून मागावी, आणि केशरी कार्डाचे 5 किलो पुन्हा किलोतच मागावेत.