फुल व्हॉल्यूमवर गाणी लावल्याने मोबाइलचा स्पीकर खरंच खराब होतो का?

मोबाइलवर फुल व्हॉल्यूमने गाणी लावली की घरातून कोणीतरी ओरडतंच, 'आवाज कमी कर, स्पीकर फाटेल!' पुढे कधी आवाज घरघरायला लागला, की सगळा दोष त्या गाण्यांवर जातो. पण फक्त मोठ्या आवाजाने स्पीकर फाटतो का? सहसा नाही. मात्र या 'सहसा'ला काही अपवाद आहेत.

स्पीकरच्या आत काय असतं?

एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल आणि शेजारी चुंबक. कॉइलमधून वीज गेली की ती पुढे-मागे हलते, तिच्यासोबत पडदा हलतो आणि आवाज तयार होतो. फोनमध्ये ही हालचाल एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

असा स्पीकर मुख्यतः दोन कारणांनी बिघडतो. कॉइल जास्त तापली तर तिचा गोंद सुटतो किंवा तार जळते. आणि पडदा मर्यादेपेक्षा जास्त हलला तर तो ताणला जातो, फाटतो.

मग फुल व्हॉल्यूमवर असं का होत नाही?

कारण बऱ्याच आधुनिक फोनमध्ये 'स्मार्ट अॅम्प्लिफायर' नावाची चिप असते. तांबं तापलं की त्याचा विद्युत रोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण 0.4 टक्के. चिप कॉइलमधला करंट आणि व्होल्टेज सतत मोजते, त्यावरून कॉइल किती तापली आणि पडदा किती हलतोय याचा अंदाज घेते. धोका दिसला की आवाज, विशेषतः बेस, गुपचूप कमी करते. म्हणजे स्क्रीनवर 100 टक्के व्हॉल्यूम दिसला, तरी स्पीकरला किती ताकद द्यायची ते चिप ठरवते. स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये हे संरक्षण कमी किंवा अजिबात नसतं. तिथे तासन्‌तास फुल आवाज टाळलेलाच बरा.

बेस आणि बूस्टर अॅप

खरी गडबड इथे आहे. आवाजाची फ्रिक्वेन्सी निम्मी झाली, तर तेवढाच मोठा आवाज काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं. त्यामुळे इक्वलायझरमध्ये बेस पूर्ण वाढवून ढोल-ताशा किंवा डीजेची गाणी लावली की पडद्यावरचा ताण प्रचंड वाढतो. आणि इतकं करून खरा बेस काही मिळत नाही, एवढ्याशा स्पीकरमधून तो येणारच कुठून!

'व्हॉल्यूम बूस्टर' अॅप मूळ सिग्नलच फुगवतात. तो मर्यादेबाहेर गेला की ध्वनिलहरींचे शेंडे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. गाणं फाटल्यासारखं ऐकू येतं आणि कॉइल जास्त तापते. व्हीएलसी प्लेअरमध्ये आवाज 200 टक्क्यांपर्यंत नेता येतो, तिथेही हेच होऊ शकतं. आवाज फाटायला लागला की तो तिथून खाली आणायचा, एवढं साधं गणित. थोडा मोठा आवाज हवाच असेल तर फोन रिकाम्या भांड्यात उभा ठेवावा. स्पीकरवर जास्तीचा भार न पडता फरक जाणवतो.

आवाज बारीक झाला म्हणजे स्पीकर गेलाच असं नाही

अनेकदा दोषी असतो तो जाळीत बसलेला कचरा. खिशातली धूळ, स्वयंपाकघरातलं पीठ, मिरवणुकीतला गुलाल. लेथ किंवा वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. स्पीकरमध्ये चुंबक असल्याने लोखंडाचा बारीक कीस तिथे ओढला जातो. पाणी गेलं तरी आवाज दबतो, पण तो वाळल्यावर बऱ्याचदा पूर्ववत होतो.

त्यामुळे स्पीकर बदलण्याचे पैसे देण्याआधी घरीच तपासावं. आधी कव्हर काढा. मग तीन-चार वेगवेगळी गाणी लावा, कारण व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली क्लिप मुळातच फाटलेली असू शकते. इक्वलायझर बंद करा. ब्लूटूथ सुरू राहिलंय का तेही बघा, यात फसणारे कमी नाहीत. त्यानंतर मऊ, कोरड्या ब्रशने जाळी हलक्या हाताने साफ करा. सुई किंवा पिन घालू नका, जाळीमागचा पडदा फाटतो. ब्लोअरचा जोराचा झोतही नको.

एवढं करूनही सगळ्याच गाण्यांत, अगदी कमी आवाजातही घरघर येत असेल, तर बहुतेक पडदा किंवा कॉइल गेलेली असते. अशा वेळी स्पीकरचा भाग बदलावाच लागतो.