काफ्काचा 'खटला' आणि प्रागमधील खटला

१९१४ च्या ऑगस्टात युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला, आणि त्याच महिन्यात प्राग शहरी फ्रान्झ काफ्का हा एकतीस वर्षांचा गृहस्थ जर्मन भाषेत 'खटला' ही कादंबरी लिहू लागला. ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. १९२४ साली तो क्षयाने वारला. आपली हस्तलिखिते जाळावीत, ही त्याची इच्छा मित्र माक्स ब्रोड याने मानली नाही, म्हणून १९२५ साली ती जगापुढे आली.

ही निव्वळ कल्पनेची भरारी आहे, असे आम्हांस वाटत नाही. काफ्का कायद्याचा डॉक्टर होता. १९०८ पासून १९२२ पर्यंत तो कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीस होता. माणसाचे 'प्रकरण' कसे होते, हे त्याला कचेरीतच पाहावयास मिळाले.

कादंबरीतील योझेफ के. हा बँकेतील वरिष्ठ अधिकारी. तिसाव्या वाढदिवशी सकाळी त्याला अटक होते. गुन्हा कोणता, ते कोणी सांगत नाही. कामावर जाण्यास मात्र मुभा! न्यायालयाच्या कचेऱ्या गरीब वस्तीतील घरांच्या माळ्यांवर. एक चित्रकार त्याला तीन वाटा सांगतो: खरी निर्दोष मुक्तता, जी कोणास मिळाल्याचे त्याने पाहिलेले नाही, दिखाऊ मुक्तता, जिच्यानंतर पुन्हा अटक होऊ शकते, आणि खटला सदैव लांबवीत राहणे. वकिलाच्या घरची लेनी तर म्हणते, कबुली देऊन टाका. के. कबुली देत नाही. पण आरोप ठाऊक नसताना बचाव मात्र रचू लागतो. एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री दोन माणसे त्याला न्यावयास येतात, तेव्हा थोडा विरोध करून तो आपल्याच पायांनी मरणाकडे चालू लागतो.

आमच्या मते कादंबरीचे मर्म येथे आहे. असल्या न्यायास आरोपीचेच साहाय्य लागते.

याचे प्रत्यंतर त्याच प्राग शहरात आले. १९५२ च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षाचा माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की व इतर तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला चालला. येथे आरोपपत्र होते, वकील होते, साक्षीदार होते. चौदाही जणांनी गुन्हा कबूल केला. कारण उत्तरे त्यांच्याकडून आधीच पाठ करवून घेतली होती. अकरा जण ३ डिसेंबरला फासावर गेले, तिघांना जन्मठेप झाली. या दमनयंत्राच्या उभारणीत खुद्द स्लान्स्कीचा हात होता, हे विसरून चालणार नाही.

१९६३ साली त्या शिक्षा रद्द झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात प्रागजवळ लिब्लित्से येथे काफ्कावर परिषद भरली. तिचे एक प्रमुख सूत्रधार एडुआर्ड गोल्डश्ट्युकर यांना १९५३ साली जन्मठेप झाली होती. १९५५ साली ते सुटले होते. जो लेखक राज्यकर्त्यांना नकोसा झाला होता, त्याच्याविषयी तेथे उघडपणे बोलले गेले.

आरोप सांगा, पुरावा दाखवा, मगच उत्तर मागा, हा नियम आपणांस साधा वाटतो. तो मोडला गेला म्हणजे निरपराध्याची जीभदेखील त्याच्या स्वतःच्या विरुद्ध वापरता येते. प्रागच्या या दोन खटल्यांतून एवढे जरी आपल्या ध्यानी राहिले, तरी या विषयाचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.