शाळा की टपाल? अमेरिकेतील प्लंबरच्या शिक्षणाचा प्रश्न

प्रस्तावना

तांत्रिक शिक्षणाच्या इतिहासात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि त्यांचे संस्थापक यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे कारागिरांच्या शिक्षणाला मिळत नाही. प्लंबरचा व्यवसाय तर या इतिहासात जवळजवळ अदृश्यच आहे. वास्तविक शहरांच्या आरोग्याचा मोठा भार या कारागिराच्या हातावर असतो. हा कारागीर वर्गात बसवून घडवावा, घरी पुस्तके पाठवून घडवावा, की वस्तादाच्या हाताखाली राबवून घडवावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तीव्रतेने उपस्थित झाला. दहा वर्षांच्या अंतराने तेथे दोन संस्था जन्मास आल्या. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये एक व्यवसाय-शाळा सुरू झाली, तर १८९१ साली पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन या खाणींच्या गावी टपालाने शिकविणारी शाळा. प्रस्तुत निबंधात या दोन वाटांचा, आणि ज्या तिसऱ्या ठिकाणी त्या दोन्ही जाऊन अडल्या त्या ठिकाणाचा, विचार केला आहे.

परवान्याचा उदय

१८७० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकन शहरांतील घराघरांत नळ, न्हाणीघरे आणि पाण्याने धुतले जाणारे शौचकूप आले. त्याबरोबर भीतीही आली. गटारातून वर येणाऱ्या दूषित वायूमुळे विषमज्वर आणि घटसर्प पसरतात, असा त्या काळच्या अनेक डॉक्टरांचा आणि स्वच्छता-अभियंत्यांचा दृढ समज होता. पुढे जंतुशास्त्राने हा समज मोडीत काढला. विषमज्वराचा जंतू १८८० मध्येच दृष्टीस पडला होता. परंतु चुकीच्या उपपत्तीवर उभ्या राहिलेल्या उपाययोजना बहुतांशी उपयुक्तच निघाल्या. वाकड्या नळीत पाणी साठवून दुर्गंधी अडविणारा ट्रॅप, सांडपाण्याच्या नळास छपरापर्यंत दिलेली हवेची वाट, गळती नसलेले सांधे यांची गरज जंतुशास्त्रामुळे कमी झाली नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे योगायोग क्वचित आढळतात.

या भीतीतूनच १८८१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन या दोन शहरांसाठी प्लंबरांच्या नोंदणीचा आणि नळकामाच्या देखरेखीचा कायदा केला. १८९२ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. शहरांत परीक्षक मंडळे नेमण्यात आली आणि स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या मालक-प्लंबरास परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविणे बंधनकारक झाले. पाच सदस्यांच्या या मंडळात दोन मालक-प्लंबर आणि एक पगारी कारागीर असे. उरलेले दोघे आरोग्य आणि मलनिस्सारण खात्यांचे अधिकारी असत. म्हणजे व्यवसायात कोणाला प्रवेश द्यावयाचा, याच्या निर्णयात व्यवसायात आधीपासून असलेल्यांचे बहुमत होते.

१८९५ साली नेचॅमकस खटल्यात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हा कायदा सार्वजनिक आरोग्याच्या आधारे वैध ठरविला. न्यायमूर्ती रूफस पेकहॅम यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. प्रत्यक्ष नळ जोडणाऱ्या पगारी कारागिरास परीक्षा नाही आणि त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकास ती आहे; मग यात आरोग्याचे रक्षण कोणते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हा कायदा मक्तेदारीस पोषक आहे, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. पुढे १९०५ च्या लॉकनर खटल्यात बेकरी-कामगारांच्या कामाचे तास मर्यादित करणारा कायदा रद्द करणारा निवाडा याच पेकहॅम यांनी लिहिला. त्यामुळे त्यांच्या मताकडे कामगारांचा कैवार म्हणून पाहता येत नाही. तरीही त्यांनी दाखविलेली विसंगती खरी होती.

न्यूयॉर्कची व्यवसाय-शाळा

रिचर्ड टिल्डन ऑकम्युटी हे व्यवसायाने वास्तुविशारद आणि यादवी युद्धात कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले गृहस्थ. कामगार संघटना उमेदवारांच्या संख्येवर मर्यादा घालतात आणि त्यामुळे शहरातील मुलांना हातचे काम शिकण्याचा मार्गच उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. स्वतःच्या पैशाने त्यांनी फर्स्ट ॲव्हेन्यूवर न्यूयॉर्क ट्रेड स्कूल उभारले. प्लंबिंग हा तेथील आरंभीच्या विषयांपैकी एक. काही महिन्यांच्या दिवस-वर्गात किंवा रात्रवर्गात कामाची पद्धत आणि तिची कारणे शिकवावीत, वेग आणि अनुभव मात्र विद्यार्थ्याने पुढे प्रत्यक्ष कामावर मिळवावा, अशी त्यांची योजना होती. १८९२ मध्ये जे. पी. मॉर्गन यांनी शाळेस पाच लाख डॉलरची देणगी दिली. पुढच्याच वर्षी ऑकम्युटी यांचे निधन झाले.

या शाळेत नेमके काय शिकविले जाई, हे समजण्यासाठी त्या काळच्या प्लंबरचे प्रमुख कौशल्य पाहिले पाहिजे. ‘प्लंबर’ हा शब्दच शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. घरातील पाण्याचे नळ शिशाचे असत आणि त्यांचा सांधा ‘पुसून’ केला जाई. शिसे आणि कथील यांचे साधारण दोनास एक या प्रमाणातील मिश्रण वितळवून ते सांध्यावर ओतावयाचे. हे मिश्रण थंड होताना एकदम गोठत नाही. सुमारे अडीचशे अंश सेल्सियसपासून एकशे त्र्याऐंशी अंशांपर्यंत ते लोण्यासारखे मऊ राहते. तेवढ्या अवधीत चरबी लावलेल्या जाड कापडाच्या घडीने ते सांध्याभोवती फिरवून, दाबून, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा गुळगुळीत गोळा घडवावयाचा. मिश्रण फार तापलेले असेल तर ते घरंगळून जाते, निवलेले असेल तर खडबडीत होते आणि आत छिद्रे राहतात. थेट शिशाचा नळच वितळून जाण्याचा धोका तर सदैव असतो. अडीचशे अंश हे पुस्तकात लिहिता येते. परंतु कापडाखालून जाणवणारा मऊपणा लिहिता येत नाही. ऑकम्युटी यांच्या शाळेतील बाकांवर विद्यार्थी हाच सांधा पुनःपुन्हा करीत आणि मोडीत.

संघटित कारागिरांनी या शाळेकडे संशयाने पाहिले, आणि तो संशय निराधार म्हणता येत नाही. काही महिन्यांत तयार झालेला मुलगा कमी मजुरीवर उभा राहिला, तर संपात मालकांच्या हाती एक साधन येत असे. मालक-प्लंबरांच्या संघटनेने शाळेशी सहकार्य केले, हीच गोष्ट पगारी कारागिरांना पुरेशी बोलकी वाटली असावी. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या प्लंबर आणि नळजोडणी कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढे दीर्घ उमेदवारीचाच आग्रह धरला.

स्क्रँटनचे टपाल

थॉमस जे. फॉस्टर हे खाणविषयक नियतकालिकाचे संपादक. पेनसिल्व्हेनियाच्या १८८५ च्या कायद्याने कोळसा-खाणीतील मुकादमांना परीक्षा सक्तीची केली. खाणीत उतरणाऱ्या माणसास शाळेत जाण्यास सवड नाही, हे जाणून फॉस्टर यांनी आपल्या पत्रात प्रश्नोत्तरांचे सदर चालविले आणि १८९१ मध्ये त्यातूनच टपाली अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे स्क्रँटनच्या शाळेचाही उगम परवान्याच्या परीक्षेतच आहे. इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स, अर्थात आय. सी. एस., या नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली. अल्पावधीत यंत्रे, वीज, आरेखन यांबरोबर प्लंबिंग, घर उबदार ठेवण्याची व्यवस्था आणि वायुवीजन यांवरील पाठ्यपुस्तकेही तेथून निघू लागली. १९०६ पर्यंत तिच्या नोंदपुस्तकांत सुमारे नऊ लाख विद्यार्थ्यांची नावे होती. मुंबईतही तिचे कार्यालय होते.

ही पाठ्यपुस्तके शाळेतील क्रमिक पुस्तकांहून वेगळी होती. अपूर्णांक आणि दशांशापासून आरंभ, लहान लहान परिच्छेद, प्रत्येक भागाच्या शेवटी प्रश्न आणि उत्तरपत्रिका तपासून परत पाठविण्याची व्यवस्था, अशी त्यांची रचना असे. नळाचा व्यास, पाण्याचा दाब, सांडपाण्याच्या नळाचा उतार, ट्रॅपमधील पाणी ओढले का जाते, या गोष्टी एखादा वस्ताद आपल्या उमेदवारास क्वचितच समजावून सांगे, कारण पुष्कळदा त्या त्यालाही ठाऊक नसत. दिवसभर नळ वाहून नेणारा पोऱ्या रात्री कंदिलाच्या उजेडात हे गणित सोडवीत असेल, तर त्याला वस्तादाच्या वरचढ होण्याची एक संधी नक्कीच होती. विद्यार्थ्याचा चेहरा आणि त्याचे कपडे टपालात दिसत नाहीत, हाही या पद्धतीचा एक गुण होता.

तिचे दोषही मोठे होते. हप्त्याने शुल्क गोळा करणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांवर टपाली शाळांचा व्यवहार उभा होता आणि विद्यार्थ्याने मध्येच अभ्यास सोडला तर शाळेचे नुकसान न होता खर्चच वाचत असे. जॉन नॉफ्सिंगर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार टपाली शाळांतील तीन टक्क्यांहूनही कमी विद्यार्थी घेतलेला अभ्यासक्रम पूर्ण करीत. हा आकडा धक्कादायक खरा. पण त्याचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. परीक्षेपुरती आठ प्रकरणे वाचून पुस्तक मिटणारा कारागीर आणि पहिल्याच हप्त्यानंतर हताश होणारा मुलगा, हे दोघेही या हिशोबात सारखेच अपूर्ण ठरतात. आय. सी. एस.च्या अनेक ग्राहकांना पदविका नको होती, एका विशिष्ट अडचणीतून मार्ग हवा होता.

खरी अडचण अन्यत्र होती. पाठ वाचून झाले, प्रश्न सुटले, तरी विद्यार्थ्याजवळ शिशाचा नळ, भट्टी आणि चूक सुधारणारा माणूस नसे. जो आधीच कोणाच्या तरी दुकानात कामास होता त्याला टपालाचा लाभ झाला. जो दुकानात शिरण्यासाठीच टपालाकडे वळला त्याला तो फारसा झाला नाही. न्यूयॉर्कच्या शाळेतील मुलाच्या हाताला सांध्याची ओळख तरी झालेली असे. परंतु ज्या घरात अर्धी भिंत पाडून जुन्या नळाची चाल शोधावी लागते, तेथे तोही नवखाच होता. दोघांनाही शेवटी कोणाच्या तरी हाताखाली उभे राहणे भाग होते.

दुकानाचे दार

शाळा की टपाल हा वाद त्यामुळे एका मर्यादेपलीकडे दुय्यम ठरतो. दुकानाचे दार कोणासाठी उघडते, हा त्याहून मोठा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शिक्षणशास्त्राच्या हाती नव्हते. १९०५ मध्ये व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथील स्थानिक शाखेच्या एका पदाधिकाऱ्याने प्लंबर-संघटनेच्या नियतकालिकाला लिहिलेले पत्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. राज्याच्या नव्या परवाना-कायद्यामुळे कृष्णवर्णीय कारागीर या व्यवसायातून पूर्णपणे हद्दपार होईल, अशी अपेक्षा त्यात उघडपणे व्यक्त केली होती. पेकहॅम यांनी दहा वर्षांपूर्वी जी शंका घेतली होती, तिचे हे अधिक विदारक रूप. आरोग्याच्या नावाने उभा राहिलेला दरवाजा वंशभेदाच्या कामी आला. दारात उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाने टपालाने कितीही अभ्यास केला, तरी परीक्षक मंडळासमोर त्याला स्वतः जावेच लागे, आणि तेथे त्याचा चेहरा दिसत असे.

महाराष्ट्रातील वाचकास यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. व्यवसायाचे ज्ञान आणि व्यवसायात शिरण्याचा हक्क या दोन गोष्टींची फारकत जातिव्यवस्थेने आपल्याकडे कितीतरी आधी आणि अधिक कठोरपणे करून ठेवली होती. सांडपाण्याच्या कामाबाबत तर ती विशेषच बोचरी आहे. नळ जोडणारा परवानाधारक ठरतो आणि तोच नळ पुढे तुंबल्यावर गटारात उतरणाऱ्यास परवाना तर दूरच, दोरही मिळत नाही.

नियमातील एक वाक्य

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणास केंद्रीय निधी मिळाला आणि काम करणाऱ्या उमेदवारांसाठी सायंवर्ग वाढले. १९३७ च्या फिट्झजेराल्ड कायद्याने उमेदवारीस राष्ट्रीय चौकट दिली. या कायद्याखाली पुढे १९७७ मध्ये जी नियमावली करण्यात आली, तिच्यात जुन्या वादाचा निकाल जवळजवळ कारकुनी शब्दांत नोंदविलेला आढळतो. उमेदवारीत प्रत्यक्ष कामाचे किमान २००० तास हवेत. संबंधित विषयांचे शिक्षण दरवर्षी १४४ तास असावे, अशी शिफारस आहे. आणि हे शिक्षण वर्गात घ्यावे किंवा समान दर्जाच्या टपाली अभ्यासक्रमाने. ऑकम्युटी आणि फॉस्टर यांच्या वाटा अशा रीतीने एकाच वाक्यात, ‘किंवा’ या शब्दाच्या दोन बाजूंना, येऊन बसल्या. दोन्ही मिळून त्यांच्या वाट्याला जे तास आले, ते कामाच्या तासांच्या चौदाव्या हिश्श्याएवढे होते.

२००८ च्या सुधारणेत टपालाचा उल्लेख गेला आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक माध्यमे आली. न्यूयॉर्क ट्रेड स्कूलचे १९६१ मध्ये व्हूरहीस टेक्निकल इन्स्टिट्यूट असे नामांतर झाले आणि १९७१ मध्ये ते शहराच्या सामुदायिक महाविद्यालयात विलीन झाले. स्क्रँटनची संस्था पेन फॉस्टर या नावाने अद्याप चालू आहे. प्लंबिंगचा अभ्यासक्रम ती आता संगणकावरून शिकविते. परवान्यासाठी अनेक राज्ये मात्र आजही परवानाधारकाच्या हाताखाली केलेल्या कामाची वर्षे मोजतात.