चित्रपट आणि तत्त्वचिंतनात्मक समुपदेशन

अभिजात चित्रपटातील एखादे पात्र वा प्रसंग समोर ठेवून, व्यक्तीला आपल्या जीवनातील मृत्यू, कर्तव्य, अपराधभाव, सार्थकता यांसारख्या प्रश्नांचा संवादाद्वारे विचार करावयास प्रवृत्त करणारी पद्धती. मनोविकारांची चिकित्सा हा तिचा उद्देश नव्हे. समुपदेशन घेणारी व्यक्ती येथे रुग्ण नसून संवादातील समान भागीदार मानली जाते.

तत्त्वज्ञानाने जगण्यास साहाय्य करावे, ही कल्पना सॉक्रेटीस, एपिक्यूरस व स्टोइक पंथीय यांच्याइतकी जुनी आहे. पुढे मात्र हा विषय बव्हंशी विद्यापीठांपुरता उरला. १९८१ मध्ये गेर्ड आखेनबाख यांनी पश्चिम जर्मनीतील कोलोनजवळच्या बेर्गिश ग्लाडबाख येथे तत्त्वज्ञानाचे सल्लाकेंद्र उघडले व १९८२ मध्ये त्यासाठी संस्था स्थापिली. १९९४ मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ठराविक कार्यपद्धतीस आखेनबाख यांचा विरोध होता. त्यामुळे ग्रंथांप्रमाणेच चित्रपटांचाही आधार घेण्यास या क्षेत्रात आडकाठी राहिली नाही.

चित्रपटाकडे गंभीर विचाराचे साधन म्हणून पाहण्याची परंपरा याहून जुनी असून तिचा एक धागा हार्व्हर्ड विद्यापीठात आढळतो, हे लक्षणीय आहे. तेथील ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी १९१६ मध्येच समीपदृश्याचा अवधानाशी व पूर्वदृश्याचा स्मृतीशी संबंध दाखविला. एरिक एरिक्सन (१९०२–९४) हे मानवी जीवनचक्राच्या अध्यापनात इंगमार बेर्गमन यांचा वाइल्ड स्ट्रॉबेरीज (इं. शी., १९५७) दाखवीत, त्यातील वृद्ध डॉक्टर बोर्ग सन्मान स्वीकारण्यासाठी लुंडला जाताना आपल्या कोरड्या आयुष्याचा हिशेब करतो. स्टॅन्ली कॅव्हेल (१९२६–२०१८) यांनी सिटीज ऑफ वर्ड्‌स (२००४) मध्ये कांटसारख्या तत्त्वज्ञांशेजारी जुने हॉलिवुडपट ठेवून नीतीची चर्चा केली.

या दृष्टीने अकिरा कुरोसावा यांचा इकिरू (म. शी. जगणे, १९५२) विशेष उद्‌बोधक आहे. त्यामागे टॉलस्टॉय यांच्या इव्हान इलिचच्या मृत्यूवरील दीर्घकथेची प्रेरणा आहे. तीस वर्षे कागदांवर शिक्के मारण्यात घालविलेल्या वातानाबे या कारकुनी अधिकाऱ्यास पोटाचा कर्करोग होतो. डॉक्टर त्याला सत्य सांगत नाहीत, मुलाशी त्याला बोलता येत नाही, एका रात्रीची चैनही व्यर्थ ठरते. खेळणी बनविणाऱ्या एका तरुणीच्या साध्या बोलण्यातून त्याला वाट सापडते आणि दलदलीच्या जागी मुलांसाठी उद्यान उभारण्याकरिता तो कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. मृत्यूचे भान जीवनाला अर्थ देते काय, हा प्रश्न येथे व्याख्येवाचून उभा राहतो. तथापि चित्रपट तेथे संपत नाही. वातानाबेच्या मृत्यूनंतर जमलेले सहकारी मद्याच्या भरात त्याच्यासारखे वागण्याच्या शपथा घेतात आणि कचेरीत परतताच पूर्ववत वागू लागतात. हा भाग वगळून केवळ बर्फात झोके घेणारा वातानाबे दाखविल्यास चित्रपटाचे बोधकथेत रूपांतर होते.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेपही याच मुद्द्याशी निगडित आहे. भावना उचंबळून येणे म्हणजे विचार होणे नव्हे. शिवाय चित्रपट समुपदेशक निवडतो, त्यामुळे त्याचा अर्थ दुसऱ्यावर लादला जाण्याची शक्यता राहते. आखेनबाख यांना अभिप्रेत असलेली समानता मग नावापुरतीच उरते. दुर्धर व्याधीने ग्रासलेल्या व्यक्तीस इकिरू दाखवावा काय, हे तिला विचारल्याखेरीज ठरविणे धोक्याचे आहे; तीव्र नैराश्य असल्यास तर वैद्यकीय उपचारांना हा पर्याय होऊ शकत नाही.