परदेशचा खर्च आणि दोन विद्यार्थी

घरची चूल सोडून परमुलखांत राहणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा बाजारांत होते. कोणती वस्तु कोठें घ्यावी, तिला किती मोल द्यावें आणि कशावांचून भागवावें, हें त्याला दुसरें कोणी शिकवीत नाहीं. त्याचा खिसाच शिकवितो. लंडन शहरांत हा धडा घेतलेल्या दोन भारतीय विद्यार्थ्यांची हकीकत विचार करण्यासारखी आहे.

मोहनदास गांधी १८८८ सालीं बॅरिस्टर होण्याकरितां तेथें पोहोंचले, तेव्हां त्यांचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. पहिला मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलांत पडला. तेथील अन्न तोंडाला रुचेना. एक पदार्थ आवडला नाहीं म्हणून दुसरा मागवावा, तर पैसे दोहोंचेही भरावे लागत. बिल ३ पौंडांचें झालें. पोटाला आधार मात्र मुंबईहून नेलेल्या शिदोरीचाच होता. पुढें साहेबी थाटाचा मोह पडला. मुंबईचे कपडे बाजूला सारून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले. उंच टोपीला १९ शिलिंग पडले. बाँड स्ट्रीटवर शिवविलेल्या एका पोशाखाला १० पौंड मोजले. नाचाच्या वर्गाला ३ पौंड आणि व्हायोलिनला ३ पौंड! पैसा येत होता तो वडील बंधूंकडून.

हा मोह सुमारें तीन महिने टिकला. सुदैवानें, बसचें भाडें, टपालहंशील, वर्तमानपत्राचे दोन पैसेसुद्धां लिहून रोज रात्रीं शिल्लक जुळविण्याची गांधींना संवय होती. त्या वहीनेंच त्यांचे डोळे उघडले. कुटुंबांत राहणें सोडून त्यांनीं स्वतंत्र खोल्या घेतल्या, आणि त्याही अशा ठिकाणीं कीं, कामाच्या जागीं पायीं जातां यावें. त्यामुळें गाडीभाडें वांचलें आणि रोज आठदहा मैल चालणें घडलें. कांहीं काळानें दोन खोल्यांची एक झाली, शेगडी आली. सकाळीं ओटची लापशी व कोको, दुपारीं बाहेर जेवण, रात्रीं पाव व कोको. अशा रीतीनें त्यांचा दिवस १ शिलिंग ३ पेनींत निभूं लागला. त्या काळीं पौंडाचे २० शिलिंग व शिलिंगाचे १२ पेनी होत. म्हणजे बाँड स्ट्रीटच्या त्या एका पोशाखाच्या किंमतींत असे १६० दिवस निघाले असते!

दुसरे विद्यार्थी डॉ. भीमराव आंबेडकर. बडोदें सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते १९१३ सालीं न्यूयॉर्कला गेले. तींतूनच घरींही कांहीं पाठवावें लागे. तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनीं सुमारें दोन हजार ग्रंथ जमविल्याचें चरित्रकार सांगतात. त्यांतले पुष्कळसे पुढें महायुद्धांत जहाज बुडाल्यामुळें समुद्रांत गेले. १९२० सालीं अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं ते पुन्हां लंडनला आले, तेव्हां स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचें साहाय्य आणि मित्राकडून घेतलेलें कर्ज, एवढेंच भांडवल होतें. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत जाई. सकाळीं पावाचा तुकडा व चहा, आणि रात्रीं भूक असह्य झाली म्हणजे भाजलेले पापड! या उपासांतूनच १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध सिद्धीस गेला.

दोघांचेही हिशेब काटकसरीचे. परंतु त्या काटकसरींत फार मोठें अंतर आहे. गांधींनीं ती विचारपूर्वक पत्करली. मनांत आणतें तर तिच्यावांचूनही त्यांचें चाललें असतें. आंबेडकरांपुढें असा पर्यायच नव्हता. काटकसर निवडतां येणें हेंही एक प्रकारचें भाग्यच होय. मात्र पोटाला चिमटा घेणाऱ्या त्या विद्यार्थ्यानें पुस्तकांच्या बाबतींत कधीं हात आंखडला नाहीं. परदेशीं माणूस कशावर पैसे वांचवितो यापेक्षां कशावर वांचवीत नाहीं, यावरूनच त्याची खरी ओळख पटते.

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरीं आंबेडकर राहत, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें. एकेकाळीं पापडावर रात्र काढणाऱ्या भाडेकरूचें तें आज स्मारक आहे.